रोहितावर मांड ठोकायची तर फासा किती वेळा टाकायचा?

खाडीकाठचा | रविवार, रात्री ११:४२

मंडळी, सल्ला हवा आहे. आणि जमलं तर चूक कोणाची तेही सांगा.

आम्ही पाच जण दर रविवारी ठाण्यात, वर्तकनगरला एकाच्या घरी टेबलावरचा रोलप्ले खेळतो. मी सूत्रधार, बाकी चौघांचं एकेक पात्र. गोष्ट तोंडी पुढे न्यायची, कुठे अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मुलूख मीच रचलाय, नाव नमकसर. म्हणजे काय, ऐरोलीच्या पुलावरून ऑफिसला जाताना रोज दिसते तीच खाडी, तीच तिवरं, तीच मिठागरं. फक्त टॉवर नाहीत आणि प्राणी चौपट मोठे.

आज आमच्यातल्या एकीच्या पात्राला (मंजुळा, वय १६, मिठागरात राबते) चिखलात चरणारा रोहित दिसला. रोहित म्हणजे आपला फ्लेमिंगो. आमच्याकडचा उभा राहिला की दोन मजली घराएवढा. ही म्हणाली, "मी त्याच्यावर बसते आणि उडते." फासा टाकला. वीस पडले, म्हणजे सगळ्यात वरचा आकडा.

मी म्हणालो, असं नाही बसता येत. ती म्हणाली, वीस म्हणजे वीस. तिथून जे पेटलं ते अर्धा तास. वडे गार झाले, एक जण शेवटची लोकल म्हणून उठून गेला (साडेआठ वाजले होते!).

माझं म्हणणं एवढंच की जनावराशी गट्टी जमणं हे कुलूप फोडण्यासारखं एका फाशाचं काम नाही. पण मग कसं? मी स्वतः आयुष्यात माथेरानच्या घोड्यापलीकडे कशावर बसलेलो नाही. ज्यांना खरं ठाऊक आहे त्यांनी लिहा.

चहाबिस्कीट | रविवार, रात्री ११:५१

माथेरानचा घोडा मोजू नकोस. त्याला तू दिसतच नाहीस. त्याला फक्त पॉइंट, परतीची वाट आणि चंदी दिसते. मी एकदा त्याला डावीकडे वळवायला गेलो तर त्याने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो.

फासेबहाद्दर | सोमवार, सकाळी ७:२०

चूक सूत्रधाराची. नको होतं तर फासा टाकू द्यायचा नाही. टाकू दिलास, वीस पडले, आता मागे फिरतोस? वरातीमागून घोडं. आमच्या ग्रुपमध्ये ड्रॅगनवर बसायलाही एकच फासा लागतो आणि आजवर कोणाचं घोडं अडलेलं नाही.

येऊरची_वाट | सोमवार, दुपारी १:०५

मी वयाच्या ३८व्या वर्षी घोडेस्वारी शिकले म्हणून लिहिते.

पहिल्या ठिकाणी (नाव घेत नाही) पैसे भरल्याभरल्या वर बसवलं, फोटो काढला आणि घोडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. ती दुडक्या चालीला लागली. तिसऱ्या फेरीत मी मातीत. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. फासेबहाद्दर, तुमचे वीस ते हेच. बसता येतं हो, बसणं कठीण नाहीच.

वर्षभराने दुसरे गुरुजी मिळाले. पागेतच वाढलेला माणूस. त्यांनी पंधरा दिवस मला वर बसूच दिलं नाही. पहाटे यायचं, खरारा करायचा, एकेक खूर उचलून त्यातली माती कोरायची, तोबरा बांधायचा आणि ती खात असताना शेजारी उभं राहायचं. मला राग यायचा. पैसे भरून मोतद्दाराचं काम! पण त्या पंधरा दिवसांत मला कळलं की तिचा डावा कान मागे गेला तर काय आणि दोन्ही मागे चिकटले तर काय. पहिल्याचा अर्थ "ऐकतेय", दुसऱ्याचा "लांब हो".

आणखी एक. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चारही बाजूंचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे आंधळी जागा असते. आपण लाडाने समोरून कपाळाकडे हात नेतो ना, तेव्हा त्याच्या लेखी तो हात मध्येच गायब होतो. म्हणून खांद्याच्या बाजूने जायचं, बोलत जायचं.

मग वर. पण लगाम हातात नाही. लांब दोरी गुरुजींकडे, घोडी गोल फिरतेय, माझ्या रिकिबी काढलेल्या आणि दोन्ही हात कमरेवर. दुडकी चाल दोन ठोक्यांची असते, तिरक्या जोडीतले पुढचा-मागचा पाय एकदम पडतात. त्या तालात कंबर सैल सोडली नाही तर प्रत्येक ठोका थेट कवटीत. सव्वा महिना हेच. गुरुजी म्हणायचे, लगाम धरून तोल सांभाळणारा स्वार जनावराच्या तोंडाला लोंबकळतो.

आणि एकदा घरी भांडून गेले होते. कोणाशी चकार शब्द बोलले नव्हते, तरी घोडी मला जवळ येऊ देईना. गुरुजी लांबूनच ओरडले, "ताई, आधी श्वास सोडा."

वाचनवेडा | सोमवार, दुपारी २:३०

येऊरताईंना अनुमोदन. बर्लिनचा तो गणित करणारा घोडा आठवला, क्लेव्हर हान्स. खुराने ठोके देऊन बेरजा सांगायचा. १९०७ मध्ये फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उलगडा केला. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं तर घोडाही नापास. तो गणित करतच नव्हता, बरोबर आकडा जवळ येताना माणसाच्या अंगात जो ताण यायचा, तो वाचत होता. ज्याचा त्यालाही पत्ता नसायचा तो!

खाडीकाठच्या, तुझ्या खेळात खेळाडूने फासा लपवून टाकला तरी रोहिताला कळायला हवं.

चहाबिस्कीट | सोमवार, दुपारी २:३४

म्हणजे परीक्षेत मागच्या बाकावर हान्स हवा होता.

कळव्याचा_पशुवैद्य | सोमवार, रात्री ९:१५

मी निवृत्त पशुवैद्य. मुलाने धागा दाखवला, राहवलं नाही.

घोड्याचं सगळं पक्ष्याला लागू करू नका. घोड्याला खोगीर घालून तंग आवळतो, कारण त्याची छाती बरगड्यांच्या पिंजऱ्यात आणि आत श्वासपटल. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड खालीवर हलतं तेव्हाच त्याच्या हवेच्या पिशव्या भरतात आणि रिकाम्या होतात. नवशिका कंपाउंडर कोंबडी घट्ट धरतो आणि ती हातातल्या हातात मरते. त्याला वाटतं भीतीने मेली. तुमच्या मुलीने रोहिताच्या छातीवर तंग आवळला तर उडणं लांबच, तो उभ्या जागी गुदमरेल.

मग बैठक बांधायची कुठे? पक्ष्यांवर संशोधनाची यंत्रं लावताना काही वेळा मांड्यांभोवतून पट्टा घेतात, छाती मोकळी राहते. तसं करा. मात्र त्या यंत्राचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा संकेत आहे. घोड्याला जिनासकट साधारण २० टक्के चालतं. हिशोब तुम्हीच करा.

खाडीकाठचा | सोमवार, रात्री १०:०२

काका, दंडवत. हिशोब केला आणि झोप उडाली.

मोठा रोहित साधारण ३ किलोचा धरला. उंची चौपट केली की वजन चौपट होत नाही, ४ गुणिले ४ गुणिले ४, म्हणजे ६४ पट. १९२ किलो. पंखांचं क्षेत्रफळ मात्र १६ पटच. म्हणजे पंखाच्या प्रत्येक वीतभर जागेवर चौपट ओझं, आणि हवेत उठायला दुप्पट वेग. वर ५ टक्क्यांनी स्वार साडेनऊ किलोचा. मंजुळा नाही, मंजुळेचं दप्तर बसेल.

फासेबहाद्दर | सोमवार, रात्री १०:१०

म्हणून सांगत होतो. कल्पनेतल्या पक्ष्याचं वर्गमूळ काढायला बसलात की खेळ संपला.

खाडीकाठचा | सोमवार, रात्री १०:१८

नाही, उलट मजा यायला लागली. नमकसरची हवा दाट आहे असं ठरवून टाकतो, ते मी सूत्रधार म्हणून करू शकतो. पण श्वास कोंडण्याचं मी रद्द करणार नाही. ते फार चांगलं आहे.

बेलापूरकर | मंगळवार, सकाळी ६:४०

मी पक्षी बघतो. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून भरती बघून बोट सुटते, त्या बोटीने बऱ्याचदा गेलोय. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसरच्या (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक) यादीत आला. खाडीकाठच्या, तू पुलावरून रोज बघतोस, पण गाडीतून. कधी तासभर एकाच थव्याकडे बघत बस.

पहिली गोष्ट, रोहित जागच्या जागी उडत नाही. पाण्यावरून धावत सुटतो, मान पुढे लांब, पाय थपथप, मग कुठे उठतो. म्हणजे मंजुळेला उडण्याआधी धावत्या रोहितावर टिकायचंय, तेही चिखलात.

दुसरी, तो खातो तेव्हा डोकं उलटं असतं. चोचीची वरची बाजू खाली. चोचीतल्या झालरीतून चिखलपाणी गाळून खातो. तोंडात लगाम घातलास तर त्याचं जेवणच बंद. लगाम विसर.

तिसरी, मागे वाकतो तो त्याचा गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा वर पिसांत, पोटाशी. चढताना पाय कुठे ठेवायचा ते आधी ठरव, नाहीतर घोट्यावर पाय देशील आणि स्वारही खाली, पक्षीही खाली.

आणि सगळ्यात महत्त्वाची. रोहित एकटा नसतोच. काही प्राणिसंग्रहालयांत थवा लहान असला तर आरसे लावतात, म्हणजे त्यांना वाटावं आपण पुष्कळ आहोत. तसं केलं की जोड्या जमायला मदत होते. मंजुळा एक रोहित थव्यातून काढून आणणार आणि तो तिचा होणार? तो तिचा नाही होणार, तो आजारी पडेल.

वाचनवेडा | मंगळवार, सकाळी ९:५०

अंडं फुटतानाच मंजुळा समोर हवी. लॉरेन्झच्या हंसांची पिल्लं त्याच्याच मागे चालायची ना? त्याच कामाच्या मालिकेसाठी १९७३चं नोबेल. पिल्लालाच वाढवलं की प्रश्न मिटला.

बेलापूरकर | मंगळवार, सकाळी १०:१२

मिटत नाही. इथे अंडी कुठून आणणार? आपल्या खाडीत ते चरायला येतात, घरटी कच्छच्या रणात. पिल्लू करड्या रंगाचं असतं आणि आईबाप दोघंही अन्ननलिकेत तयार होणारा लाल रस पाजून त्याला वाढवतात. मंजुळा काय पाजणार, मिठाचं पाणी? आपल्या खाडीत पिल्लं दिसतात ती बऱ्यापैकी मोठी, पण अजून करडी. गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो.

तिला जर कोणाशी जमवायचं असेल तर अशा एखाद्या करड्याशी. गुलाबी झालेल्याच्या नादी लागू नये.

गावाकडचा_बापू | मंगळवार, दुपारी ४:००

आमच्याकडे गोऱ्हा कामाला लावताना त्याला एकट्याला जू देत नाहीत. थोरल्या, शहाण्या बैलाबरोबर जुंपायचं. थोरला थांबला की हा थांबतो, थोरला वळला की हा वळतो. कासरा नावापुरता आपल्या हातात. माझा आजा म्हणायचा, गोऱ्ह्याला मी नाही शिकवत, सर्जा शिकवतो, मी फक्त सर्जाच्या मागं चालतो. जंगलातला हत्ती माणसाळवतानाही पाळीव कुमकी हत्ती लावतात असं वाचलंय.

तुमच्या मुलीला थव्यातली एखादी म्हातारी रोहित शोधायला सांगा. आधी तिची ओळख.

पागेकर | मंगळवार, रात्री ८:३०

वा बापू. माझी भर.

शिवकाळातल्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार. बारगीर, ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, आणि शिलेदार, जो स्वतःचा घोडा घेऊन येई. शिलेदाराचा घोडा मेला की त्याचं भांडवलच बुडालं. तेव्हा खाडीकाठच्या, मंजुळा कोण हे आधी विचार. थव्याने दिलेल्या पक्ष्यावर बसणारी बारगीर, की स्वतःचा पक्षी असलेली शिलेदार? यावर अर्धी गोष्ट ठरेल.

आणि दर २५ बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. कादंबऱ्यांत फक्त स्वार असतो. पाणी घालणारा आणि नाल ठोकणारा कोणी लिहीत नाही. तुमच्या नमकसरात पक्ष्याच्या पायाला चिकटलेलं मीठ कोण धुतं?

अजून एक, फाशाबद्दल. साधारण ३४०० वर्षांपूर्वी मितन्नी राज्यातल्या किक्कुली नावाच्या माणसाने रथाचे घोडे तयार करायची पद्धत सांगितली, ती मातीच्या विटांवर कोरलेली सापडली. कित्येक महिन्यांचा कार्यक्रम आहे, रोज किती पळवायचं, किती पाणी, कधी अंगाला चोळायचं. त्यात फेऱ्यांचे शब्द आहेत: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, तीन, पाच, सात! तुर्कस्तानात सापडलेल्या विटांवर आपल्या ओळखीचे आकडे. फासा मोजू नका, फेऱ्या मोजा.

चहाबिस्कीट | मंगळवार, रात्री ८:४४

पंझवर्तन्न हा शब्द उद्यापासून तलावपाळीच्या चक्करांसाठी वापरणार. आज मासुंदा तलावाला तेरवर्तन्न झालं, मग आइस्क्रीम.

अवांतर: घोडबंदरला अरबांचे घोडे उतरायचे म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. तुझ्या नमकसरात रोहितबंदर पाहिजे.

पण खरं विचारू? मुळात बसायचंच का? बिचारा चरतोय, चरू दे.

फासेबहाद्दर | मंगळवार, रात्री ९:०१

कारण हा साहसाचा खेळ आहे, पक्षीनिरीक्षणाची सहल नाही.

चहाबिस्कीट | मंगळवार, रात्री ९:०३

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

वीस_आले_होते | बुधवार, रात्री १२:१५

नमस्कार. मीच ती मंजुळा. कोणीतरी धाग्याची लिंक ग्रुपवर टाकली.

एक तर, सूत्रधारांनी लिहिलेलं नाही ते मी लिहिते. मी "बसते आणि उडते" म्हणण्याआधी विचारलं होतं, "तो एकटा आहे का?" आणि हे म्हणाले, "हो, एकटाच." बेलापूरकर म्हणतात रोहित एकटा नसतो. मग तो एकटा का होता? हे त्यांनी रचलं नव्हतं, पटकन बोलून गेले.

आणि मंजुळेला उडायचं होतं कारण तिची आई पलीकडच्या काठावर गेलीय आणि नाव नाही. हेसुद्धा तीन रविवारांपूर्वी ठरलंय. ते सगळे विसरले, कारण तेव्हा समोसे आले होते.

येऊरताई, तुमचं वाचून मला रडू आलं, का ते माहीत नाही. श्वास सोडायचा तिथे.

येऊरची_वाट | बुधवार, सकाळी ७:५५

अगं, मग पंधरा दिवस त्याच्या शेजारी उभी राहा. मी राहिलेच होते.

खाडीकाठचा | बुधवार, सकाळी ८:३०

मान्य. एकटा मी बोलून गेलो आणि आईचं विसरलो. माफी. वडे पुढच्या वेळी माझे.

(आणि तो एकटा का, हे आता मला ठाऊक आहे. पण इथे सांगणार नाही.)

खाडीकाठचा | पुढचा रविवार, रात्री ११:२०

आजचा वृत्तांत. लांबलाय, सांभाळून घ्या.

वीस रद्द केले नाहीत. वीस पडले म्हणजे मंजुळा जवळ गेली आणि तो पळाला नाही, एवढंच. करडा होता, डाव्या घोट्याला जुन्या जाळ्याचा दोरा गुंडाळलेला, म्हणून थव्याच्या मागे राहिला. तिने दोरा सोडवायला घेतला तेव्हा मी फासा टाकू दिला नाही. तिला विचारलं, कुठून जातेस? ती म्हणाली, "बाजूने. बोलत." टेबलावर कोणी हसलं नाही.

मग दिवस मोजले. पागेकरांच्या फेऱ्या घेतल्या. रोज ती पायाचं मीठ धुते, तो खातो, ती शेजारी उभी. त्याच्या मनात तिच्याबद्दल काय आहे तो आकडा मी एका वहीत लिहितो, तिला दाखवत नाही. तिला फक्त मानेची ठेवण, पिसं फुलली की मिटली, तेवढंच सांगतो. दोनदा तिने चुकीचं वाचलं. एकदा त्याने चोचीने तिला चिखलात लोटलं. बापूंची म्हातारीही आली, एक डोळा गेलेली, आणि करडा तिच्या मागोमाग थव्यात गेला. मंजुळा काठावर एकटी. मला वाटलं ही आता चिडणार. ती म्हणाली, "बरं झालं." आणि म्हातारीचे पाय धुवायला गेली!

बैठक मांड्यांवरून बांधली, छाती मोकळी, लगाम नाही. काका, तुमच्या नावाचा एक वैदू मिठागरात टाकलाय, तोच शिकवतो. पाचव्या फेरीला ती त्याच्या पाठीवर बसली, तो धावला, ती पडली. सातव्या फेरीला धावला, ती टिकली, पण तो उठला नाही. नुसताच पाण्यावरून धावला आणि थांबला.

आणि मग नमकसरात पहिला वळीव पडला. थवा उठला. तोही उठला, पाठ रिकामी ठेवून. आपल्या खाडीतूनही पावसाळ्याच्या तोंडावर बहुतेक थवे जातातच, मी काही मुद्दाम दुष्टपणा केला नाही.

फासेबहाद्दर | पुढचा रविवार, रात्री ११:३१

म्हणजे तीन तास खेळून ती उडालीच नाही?

खाडीकाठचा | पुढचा रविवार, रात्री ११:३३

नाही.

फासेबहाद्दर | पुढचा रविवार, रात्री ११:४०

आणि कोणी लोकलचं कारण देऊन उठलं नाही?

खाडीकाठचा | पुढचा रविवार, रात्री ११:४१

शेवटची खरंच चुकली. दोघं इथेच झोपलेत.

बेलापूरकर | सोमवार, सकाळी ६:३५

२०२२ मध्ये बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) इथल्या काही रोहितांना जीपीएस लावलं होतं. ते गुजरातेत जाऊन पुन्हा याच खाडीत परतल्याची नोंद आहे. मंजुळेला सांगा.

वीस_आले_होते | सोमवार, सकाळी ८:१०

सांगितलं. मी मिठागरात थांबते. पावसात मीठ पिकत नाही, तर त्या महिन्यांत वैदूकडे पट्टे शिवायला शिकते. करड्याच्या मांडीचं माप दोरीवर गाठ मारून ठेवलंय, पण परत येईल तेव्हा तो वाढलेला असेल, गुलाबीही झाला असेल कदाचित. मग मी ओळखणार कसा?

कळव्याचा_पशुवैद्य | सोमवार, सकाळी ९:००

डावा घोटा बघ. दोऱ्याचा वळ राहतो.